कॅम्पसच्या रानातला शिकरा (की दुसराच कोणी?)

गिरणाकाठ | ६ एप्रिल

राम राम मंडळी. हा धागा काढायचं दोन वर्षं नुसतं मनात होतं, आज मुहूर्त लागला.

मी जळगावजवळ एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला आहे. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घरट्याबिरट्याचा विषय निघाला की दुसऱ्या दिवशी दारात कॅमेरेवाले उभे राहतात, हा जुना अनुभव आहे. कॅम्पस मूळचा उघडा माळ. तीसेक वर्षांपूर्वी लावलेले कडुलिंब, शिरीष, सुबाभूळ, काशिद आता चांगले वाढलेत, कंपाउंडच्या कडेने निलगिरी आहे. मागच्या अंगाला नाला. तिथे हिवर, बाभळी, बोरी, पळस आणि तीन अंजनाची झाडं. अंजन कोणी लावलेले नाहीत, आमच्या सगळ्यांच्या आधीपासूनचे आहेत. याला जंगल म्हणवत नाही, आम्ही आपलं "रान" म्हणतो.

रोज सव्वासहाला एक चक्कर मारतो. सुरुवातीला वर्षभर मान वर करून आभाळ बघत फिरलो. मान दुखली आणि घारी दिसल्या, बस. मग लक्षात आलं की रानातला शिकारी पक्षी आधी दिसत नाही, त्याच्यावरून चाललेली आरडाओरड ऐकू येते. खार बुंध्याला डोकं खाली करून चिकटते आणि चिक्-चिक्-चिक् सुरू करते, प्रत्येक चिक्-ला शेपटीचा एक झटका. सातभाई एकदम झुडपात शिरतात आणि आतून कलकलाट करतात. साळुंक्यांचा आवाज घोगरा होतो. त्या क्षणी सगळ्यांची तोंडं जिकडे असतील तिकडे बघायचं. दहातल्या सहा-सात वेळा तिथे कोणीतरी असतंच. नाहीतर मांजर.

गेल्या मंगळवारी कँटीनच्या मागे असंच झालं. कडुलिंबातून राखाडी काहीतरी सुटलं, जमिनीपासून गुडघाभर उंचीवरून सरळ गेलं आणि मेंदीच्या कुंपणावरचा सरडा घेऊन वर. आवाज नाही, काही नाही. चहावाल्या पोराच्या हातातला ग्लास तसाच राहिला. शिकरा, यात शंका नाही.

प्रश्न दुसऱ्या पक्ष्याचा आहे. नर्सरीजवळच्या आंब्यात मार्चपासून एक असाच राखाडी पक्षी बसतो. शेपटीवर पट्टे, छातीवर तांबूस छटा, पिवळा डोळा. सातभाई त्याच्यावर तुटून पडतात. वहीत मी त्याची "शिकरा, मादी" म्हणून सहा वेळा नोंद केलीय. पण कुठेतरी खटकतं. काय खटकतं ते सांगता येत नाही. जाणकारांनी मदत करावी.

भरीतपार्टी | ६ एप्रिल

फोटो?

गिरणाकाठ | ६ एप्रिल

मोबाइलमधून काढलाय. पानं स्पष्ट आली आहेत, पक्षी नाही.

भरीतपार्टी | ६ एप्रिल

मग "आंबा, मादी" अशी नोंद करा. 😀

मास्तर_धुळेकर | ७ एप्रिल

गिरणाकाठ, छान लिहिलंत. कानाने पक्षी शोधायची गोष्ट शंभर टक्के खरी. फक्त एक सावधगिरी: कोतवाल. काळा कोतवाल शिकऱ्याचा आवाज हुबेहूब काढतो. साळुंक्या घाबरून उडाल्या की त्यांनी टाकलेला किडा हा उचलतो. लळिंगच्या कुरणात मी एकदा अर्धा तास "शिकरा" शोधत होतो, आणि हे काळं बेणं माझ्या डोक्यावरच्या तारेवर.

आता ओळख. नवीन माणसाने सगळे शिकारी पक्षी एकदम शिकायला जाऊ नये, गोंधळ होतो. आपल्या खानदेशात गावाजवळच्या झाडीत वर्षभर भेटणारे चारच धरा.

घार सगळ्यांना माहीत आहे. उडताना शेपटीला खाच दिसते, तेवढं पुरे. पुढची कापशी घार. नावाप्रमाणे कापसासारखी पांढुरकी, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. मैदानावरच्या तारेवर बसून शेपटी वर-खाली करत असते. उंदीर दिसला की हवेत एका जागी पंख मारत थांबते, मग पंख वर उभे धरून, पाय लोंबते सोडून टप्प्याटप्प्याने खाली येते. कपाशीच्या मुलखात तिचं असणं शोभून दिसतं. तिसरा तिसा (योगायोग!). तपकिरी, आळशी, बांधावरच्या बाभळीवर किंवा खांबावर तास तास बसणारा. डोळा पांढुरका, पांढऱ्या गळ्यावर मधोमध काळी रेघ आणि मानेच्या मागे पांढरा ठिपका. आणि चौथा आपला शिकरा.

शिकऱ्याचा नर पाठीवर निळसर राखाडी, डोळे लाल. मादी मोठी, पाठ तपकिरीकडे झुकणारी, डोळे पिवळे-नारिंगी. दोघांच्याही छातीवर तांबूस बारीक आडव्या रेघा आणि गळ्यावर मधोमध एक पुसट उभी रेघ. पिल्लाच्या छातीवर मात्र उभे तपकिरी ओघळ. म्हणजे "तांबूस छटा आणि पिवळा डोळा" एवढ्यावर मादी ठरत नाही. तुमच्या आंब्यातल्या पाहुण्याचे पाय बघा. चोच बघा. आणि फांदीवर उतरल्यावर तो शेपटीचं काय करतो ते बघा. सध्या एवढंच सांगतो.

अमळनेरी_भाऊ | ७ एप्रिल

मास्तर, तुम्ही चार सांगतस, आमना गावमा समदास्ले घारच म्हणतस! कोंबडीनं पिल्लू गयं का घार, नही गयं तरी घार.

(बाकीच्यांसाठी: आमच्याकडे सगळ्यांना घारच म्हणतात. पिल्लू पळवलेलं असतं शिकऱ्याने, शिव्या खाते घार.)

काटेसावर | ९ एप्रिल

धागा आवडला. माझा अनुभव थोडा वेगळा आहे, लांबेल, माफ करा.

मी एका मुलींच्या वसतिगृहावर रेक्टर होते. इमारतीच्या मागे पाण्याची उंच टाकी, आणि टाकीच्या पोटाला दरवर्षी आग्या मोहोळं. एका वर्षी तर नऊ होती. पोळं म्हणजे अर्ध्या चंद्रासारखी काळी चादर, ऊन वाढलं की तिच्यावरून लाटा सरकताना दिसायच्या.

जानेवारीतली सकाळ. मुली गच्चीवर केस वाळवत होत्या. घारीएवढा एक पक्षी टाकीभोवती दोनदा फिरला. डोकं अगदी लहान, मान पुढे काढलेली, जणू घारीच्या धडाला कबुतराचं डोकं बसवलंय. तिसऱ्या फेरीत तो सरळ पोळ्याला भिडला. पायांनी एक लचका तोडला, ताटलीएवढा तरी असेल, आणि शिरिषावर जाऊन बसला. मागून माश्यांचा काळा ढग. त्या पक्ष्याचं काही वाकडं झालं नाही. पोळ्यातल्या पांढऱ्या अळ्या तो शांतपणे एकेक काढून खात होता, आपण शेंगा सोलतो तसा. चिडलेल्या माश्या मग गच्चीवर आल्या. अकरा मुलींना चावल्या, दोघींना सलाइन लावावं लागलं.

तेव्हा मी त्याला मनापासून शिव्या घातल्या. नंतर वाचलं की हा मधुबाज. त्याच्या तोंडावरची पिसं खवल्यांसारखी घट्ट आणि बारीक असतात, त्यामुळे नांगी सहजी आत जात नाही. मधापेक्षा त्याला अळ्यांची गोडी. दुसऱ्या वर्षापासून आम्ही दिनक्रमच बदलला. थंडीत टाकीच्या बाजूची गच्ची सकाळी बंद, खिडक्यांना जाळ्या. पोळी जाळायला माणूस बोलवा असा आग्रह होता, तो मी हाणून पाडला. मधुबाज येत राहिला. मुली त्याला "इन्स्पेक्टर" म्हणायच्या, कारण तो आला की सगळ्या आत पळायच्या.

गिरणाकाठ, तुमच्याकडे टाकी असेल तर थंडीत तिकडे लक्ष ठेवा.

कापूसकोंड्या | ९ एप्रिल

ताई, "शेंगा सोलतो तसा" 👌

सातपुडा_पायी | ११ एप्रिल

अवांतर आहे, पण खानदेश आणि शिकारी पक्षी म्हटल्यावर रानपिंगळ्याचं नाव अजून कोणी घेतलं नाही हे बरं नाही.

पक्षीतज्ज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये या पिंगळ्याला (छोट्या घुबडाला) शास्त्रीय नाव दिलं. १८८० च्या दशकात डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले, १८८४ पर्यंत. त्यानंतर पक्षी गायबच. मध्ये मायनर्ट्झहागेन या कर्नलने १९१४ चा एक नमुना गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून दाखवला, त्यामुळे शोधणारे भलतीकडेच शोधत राहिले. पुढे उघड झालं की तो नमुना डेव्हिडसनचाच होता. संग्रहालयातून चोरलेला, नवी चिठ्ठी लावलेला! ही लबाडी बाजूला केल्यावर पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे पक्षी अभ्यासक जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला त्यांना रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी. तेही दिवसाढवळ्या, कारण हा पिंगळा दिवसाही शिकार करतो.

सांगायचं कारण, गिरणाकाठ तुमची वही. एका खोट्या चिठ्ठीने जगाला किती वर्षं फिरवलं बघा. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाका, "मादी" लिहू नका.

कॅम्पसमध्ये रानपिंगळा मिळेल ही आशा मात्र धरू नका. तुमच्याकडे असेल तो साधा ठिपकेवाला पिंगळा. डोक्यावर भरपूर पांढरे ठिपके दिसले की तोच.

गिरणाकाठ | ११ एप्रिल

टोला लागला. प्रश्नचिन्ह टाकलं.

गिरणाकाठ | १८ एप्रिल

बातमी! खरा शिकरा (नर, लाल डोळे, गळ्यावरची रेघ पाहिली) काड्या वाहताना दिसला. सायकल स्टँडच्या मागच्या कडुलिंबात, दोन मजले उंचीवर काड्यांचा विस्कळीत पसारा आहे. कावळ्याचं जुनं घरटं समजून मी चार वेळा त्याच्याखालून गेलोय. मादी आज सकाळी त्यात बसलेली होती, बाहेरून फक्त शेपटी दिसते.

फोकललांबी_६०० | १८ एप्रिल

अभिनंदन सर! मी भुसावळला असतो, रविवारी येऊ शकतो. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून घरट्याच्या उंचीला अँगल मिळेल का? दोन-चार फांद्या आड येत असतील तर दोरीने बाजूला ओढून घेता येतात.

मास्तर_धुळेकर | १८ एप्रिल

फोकललांबी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ज्या फांद्या तुम्हाला आड येतात त्याच अंड्यांवर सावली धरतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो. फांदी दोरीने ओढली की दुपारचं ऊन सरळ घरट्यात. शिवाय तुम्ही गच्चीवर तासभर उभे, मादी तासभर बाहेर, आणि कावळे वाट बघतच असतात. अंडी असेपर्यंत घरट्याचा फोटो नकोच. पिल्लं उडाल्यावर काढा, तेव्हा ती फांद्यांवर बसून वेड्यासारखी ओरडत असतात, हवे तेवढे फोटो मिळतील.

फोकललांबी_६०० | १९ एप्रिल

मास्तर, राग नाही, पण सगळ्याच फोटोग्राफरना एका माळेत ओवू नका. फोटो नसता तर निम्म्या लोकांना शिकरा माहीत झाला नसता.

काटेसावर | १९ एप्रिल

दोघांचंही बरोबर आहे. मास्तरांचं आधी.

फोकललांबी_६०० | १९ एप्रिल

बरं. जूनमध्ये येतो.

केळीबाग_रावेर | २ मे

आमच्या शेताकडे यंदा कापशी घारीची जोडी नाही. शेजारच्या बांधावर उंदरांसाठी विषाचे गोळे टाकले होते, तीन दिवसांनी एक मेलेली सापडली. विषानेच मेली असं छातीठोक सांगू शकत नाही. पण गोळा खाऊन झिंगलेला उंदीर पकडायला सगळ्यात सोपा, हे तर उघड आहे. गिधाडांचं तेच झालं ना, गुरांना देतात त्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली तोवर आकाश रिकामं झालं होतं. आमचे वडील सांगतात, मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की संध्याकाळपर्यंत नुसता सापळा राहायचा. मी स्वतः एकदाही पाहिलं नाही.

मी यंदा बांधावर काठ्या रोवल्यात, वर आडवी काठी, इंग्रजी टी सारखी. पहिल्या आठवड्यात कोतवाल आले, आता रात्री पिंगळा बसतो. कापशीची वाट बघतोय.

गिरणाकाठ | १२ मे

पिल्लं आहेत. किती ते कळत नाही, पण नर दर दीड-दोन तासांनी काहीतरी आणतो. बहुतेक सरडे, एकदा खारीचं पिल्लू. तो घरट्यात जात नाही. बाजूच्या काशिदावर बसून हाक मारतो, मादी येऊन घेऊन जाते. दुपारी ती पंख अर्धवट पसरून घरट्याच्या काठावर उभी असते, चोच उघडी, धापा टाकत. सायकल स्टँडचा पत्रा खाली भट्टीसारखा तापलेला.

आणि एक संकट. पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी. वायरच्या वाटेत येणाऱ्या फांद्या तोडायचं काम ठेकेदाराकडे असतं, त्याच्या यादीत हा कडुलिंब आहे. ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, "एका पक्ष्यासाठी टेंडर थांबवू?"

कापूसकोंड्या | १२ मे

वनखात्याला कळवा. हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइन, नंबर १९२६. पिल्लं असलेलं घरटं पाडणं वन्यजीव कायद्यात बसत नाही. हे साहेबांना लेखी द्या, तोंडी नको.

काटेसावर | १२ मे

लेखी द्याच, पण आधी त्या छाटणीवाल्या मुकादमाला भेटा. साहेब फाइल बघतो, करवत याच्या हातात असते. त्याला झाडाखाली उभं करून वर दाखवा.

गिरणाकाठ | १५ मे

ताई, तुमचंच चाललं! मुकादम पारोळ्याकडचा. वर बघितलं, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "लेकुरवाळी आहे तोवर हात लावत नाही. यादीत शेवटी टाकतो." अर्जही दिलाय, पोच घेतली.

गिरणाकाठ | २५ मे

मंडळी, बसून वाचा.

काल संध्याकाळी साडेपाचला नर्सरीजवळच्या आंब्याखाली उभा होतो. तोच पक्षी, तीच फांदी. सातभाई नेहमीप्रमाणे पिसाळलेले. म्हटलं मास्तरांनी सांगितलेलं आज बघायचंच. पाय बघितले: आखूड, पोटाच्या पिसांत जवळजवळ बुडालेले. शिकऱ्याचे पिवळे लांब काटक्यांसारखे पाय कुठे आणि हे कुठे. चोच बघितली: बारीक, आकडा असा नाहीच. डोळ्याभोवती पिवळं कडं. तेवढ्यात तो शेजारच्या फांदीवर गेला. अगदी शिकऱ्यासारखा खालून येऊन वर चढला, आणि बसल्यावर शेपटी डावी-उजवी हलवली. पोट आडवं, पंख थोडे ढिले सोडलेले.

आणि मग त्याने तोंड उघडलं.

पेरते व्हा! पेरते व्हा! पेरते व्हा!

पावशा! दोन महिने मी पावशाला शिकऱ्याची मादी म्हणून मिरवलं. माळीकाका मागे उभे होते, म्हणाले, "हा तर रोज पहाटे ओरडतो, तुम्ही येता त्याच्या आधी."

भरीतपार्टी | २५ मे

"पावशा, मादी." 😂😂

मास्तर_धुळेकर | २५ मे

मला पहिल्या दिवशीच वास आला होता, पण तुम्ही स्वतः पाहावं असं वाटलं. मास्तरकीची खोड.

लाजू नका. पावशाचा सगळा वेषच शिकऱ्याचा आहे: रंग, पट्टे, उडणं, झाडावर चढणं. म्हणूनच मी पाय-चोच-शेपटी बघा म्हटलं. हा अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात. शिकारी आला असं वाटून यजमान घाबरले की काम सोपं. म्हणजे तुमचं कानाने शोधायचं सूत्र नेमकं इथे फसतं. आरडाओरड ऐकून तुम्ही बरोबर जागी गेलात. पण ओरडणारेच फसलेले होते.

गिरणाकाठ | २५ मे

म्हणजे सातभाई जन्मभर त्याच्या शेजारी राहून फसतात, आणि मी दोन महिन्यांत सुटलो. तेवढंच समाधान.

अमळनेरी_भाऊ | २६ मे

पावश्या बोलना म्हणजे बियाणं आणून ठेवा. पण पेरू नका, पाऊस येऊ द्या आधी. मागल्या वर्षी त्याचं ऐकून माझी दुबार पेरणी झाली.

गिरणाकाठ | ११ जून

तीन पिल्लं! काल दुपारी पहिलं घरट्यातून फांदीवर आलं, आज तिघंही बाहेर. छातीवर तपकिरी उभे ओघळ, मास्तरांनी सांगितले तसेच. एक सायकल स्टँडच्या पत्र्यावर पडलं, पाय भाजल्यासारखे उचलत होतं. दोन पोरं त्याला खोक्यात घालून घरी नेणार होती. थांबवलं. मुकादमानेच शिडी आणून त्याला खालच्या फांदीवर ठेवलं, पाच मिनिटांत मादी सरडा घेऊन हजर.

वहीत मार्च-एप्रिलच्या सहा नोंदी काढून पाहिल्या. आंब्यातल्या चार सरळ पावशाच्या, त्या दुरुस्त केल्या. उरलेल्या दोन नर्सरीच्या कुंपणावरच्या, तिथे पाय-चोच काहीच लिहिलेलं नाही. प्रश्नचिन्ह तसंच ठेवलंय.

फोकललांबी_६०० | ११ जून

सर, आता येऊ का?

गिरणाकाठ | ११ जून

या. रविवारी सव्वासहा, मागच्या गेटला. कपडे मळकट रंगाचे घाला. चहा कँटीनवाला देईल, पण तो शिकऱ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय सोडत नाही, तेवढा वेळ धरून या.